विहिरीतली घाण माणसाची की जनावराची? जिवाणूंच्या जनुकीय खुणांवरून सांडपाण्याचा माग कसा काढायचा

पैठण तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या टेबलावर चार बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या. एच-टू-एस चाचणीच्या बाटल्या. आदल्या दिवशी सकाळी भरल्या तेव्हा पाणी फिकट तपकिरी दिसत होतं, दुसऱ्या दिवशी त्यातल्या तीन डांबरासारख्या काळ्या पडल्या होत्या. पाणीपुरवठ्याची विहीर काळी, शाळेजवळचा हापसा काळा, खालच्या अंगाचा आडही काळा. सरपंच म्हणाले, "म्हशींचा गोठा विहिरीला लागूनच आहे, मॅडम. दुसरं काय असणार?" मागून कुणीतरी बोललं, "गोठ्याचं काय घेऊन बसलात? पलीकडच्या वस्तीची नाली बघा की आधी." त्या वस्तीतली चार माणसं तिथंच बसलेली होती. ती काही न बोलता उठून गेली.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण काळी बाटली यातल्या कुणाचीच बाजू खरी ठरवू शकत नव्हती. पाण्यात विष्ठेचा अंश आहे एवढं ती सांगते. कुणाच्या विष्ठेचा, ते सांगत नाही. आणि गावात हा प्रश्न मोकळा राहिला की उत्तर पुराव्यावरून ठरत नाही, ज्याचा आवाज लहान त्याच्यावर ढकललं जातं. म्हणून हा लेख. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आणि प्रकल्प करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे, पण पाणीपुरवठ्याचं काम पाहणाऱ्या ग्रामसेवकांना आणि जलसुरक्षकांनाही तो लागू पडावा.

एक गोष्ट सगळ्यात आधी. बाटली काळी पडली की पाणी उकळून प्या, टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका आणि नळाच्या टोकाच्या घरी ओटी टेस्ट करून उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम आहे का ते पाहा. पुढचा सगळा तपास हे झाल्यावर. अहवाल येईपर्यंत लेकरांनी तेच पाणी प्यायचं, असं होता कामा नये.

नेहमीच्या चाचणीला घाणीचा धनी का कळत नाही

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलीलिटर पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू सापडता कामा नये. नियम चांगलाच आहे. पण ई. कोलाय माणसाच्या आतड्यात असतो तसा म्हशीच्या, शेळीच्या, कुत्र्याच्या, कोंबडीच्याही आतड्यात असतो. शिवाय आपल्यासारख्या उष्ण मुलखात तो ओल्या मातीत, तळ्याच्या गाळात तग धरतो, कधी वाढतोही. पाऊस पडून गाळ ढवळला की आकडा वर जातो, ताजी घाण आलेली असो वा नसो.

आतड्यात ई. कोलायपेक्षा कितीतरी पट जास्त संख्येनं राहणारा दुसरा एक गट आहे, बॅक्टेरॉइड्स आणि त्याच्या नात्यातले जिवाणू. यांना ऑक्सिजन सोसत नाही, त्यामुळे बाहेरच्या पाण्यात ते वाढत नाहीत. आणि माणसाच्या पोटातले, गाईच्या पोटातले, कुत्र्याच्या पोटातले बॅक्टेरॉइड्स एकमेकांपासून थोडे वेगळे असतात. खाणं वेगळं, आतड्याची घडण वेगळी, म्हणून जिवाणूही वेगळे. हा वेगळेपणा त्यांच्या १६एस जनुकातल्या काही अक्षरांत दिसतो. अ‍ॅन बर्नहार्ड आणि कॅथरीन फील्ड यांनी २००० साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये अशीच माणसाशी जोडलेली एक खूण दाखवून दिली. तिचं नाव एचएफ१८३. आज जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्कर हाच.

खूण शोधायची पद्धत मराठवाड्यातल्या प्रत्येक गावानं ऐकलेली आहे. कोविडमध्ये नाकातून घशातून स्वॅब घेऊन जी आरटी-पीसीआर होत होती, तिचीच ही बहीण. तिथं विषाणूचा आरएनए आधी डीएनएत बदलावा लागतो, इथं डीएनए थेट मिळतो, म्हणून नुसती क्यूपीसीआर, म्हणजे चक्रामागून चक्र डीएनएच्या प्रती वाढवत त्या मोजणारी चाचणी. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत बसवलेली यंत्रं आजही वैद्यकीय महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आहेत. त्यांना नवं काम देता येतं.

पहिली पायरी: यंत्राआधी पाय

नमुना घेण्याआधी किमान एक दिवस चाला. विहिरीभोवती शंभर-दोनशे मीटर, नदी असेल तर दोन्ही काठांनी. वहीत नकाशा काढा आणि त्यावर संडासांच्या टाक्या, शोषखड्डे, उघड्या नाल्या, गोठे, उकिरडे, कोंबड्यांची शेड, डुकरं बसतात ती डबकी, सगळं मांडा. जमिनीचा उतार बाणानं दाखवा.

टाक्यांची चौकशी नीट करा. "टाकी आहे" या उत्तरावर थांबू नका. तळ बांधलेला आहे का, शेवटची कधी उपसली, हे विचारा. पंधरा वर्षांत एकदाही न उपसावी लागलेली टाकी म्हणजे घरधन्याला अभिमान वाटतो, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की मैला खालून जमिनीत जातो आहे. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला कातळ. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते. मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून पाणी गाळलं न जाता सरळ वाहतं. टाकी आणि विहीर यांत पन्नास फुटांचं अंतर ठेवलं की झालं, हा हिशोब गाळाच्या जमिनीत चालतो. भेगाळ कातळात त्यावर विसंबू नका.

म्हाताऱ्या माणसांशी बोला. कुठली विहीर कुठल्या विहिरीला "लागते", एकीवर मोटर चालवली की दुसरीचं पाणी कसं उतरतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात काम करत असाल तर मलिक अंबरच्या काळातल्या नहरींच्या भुयारी वाटाही नकाशावर घ्या. जमिनीखालची जुनी पोकळी पाणी कुठून कुठं नेईल, वरून दिसत नाही.

दुसरी पायरी: मांजरपाटाचा तुकडा

डीएनए चाचणी महाग आहे. सगळ्या जागांवर ती करण्याआधी स्वस्तातली एक चाळणी लावा. कपडे धुण्याच्या पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून एक रसायन असतं, ते अतिनील प्रकाशात निळसर चमकतं. माणसाच्या सांडपाण्यात साबणाचं पाणी असतंच, गोठ्याच्या पाण्यात सहसा नसतं.

न धुतलेला, कोरा मांजरपाट आणा. धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढा, साबण अजिबात लावू नका. वाळल्यावर अंधारात अतिनील टॉर्चखाली पाहा. नोटा तपासायचा दिवाही चालतो. कापड आधीच चमकत असेल तर ते बाद. वितीएवढे तुकडे प्लॅस्टिकच्या जाळीत घालून विहिरीत, नाल्याच्या मुखाशी, आडात सोडा आणि चार-पाच दिवसांनी काढा. स्वच्छ पाण्यात खळबळून, अंधारात वाळवून, कोऱ्या तुकड्याशेजारी ठेवून बघा. ज्या गावाची गोष्ट सांगते आहे तिथं पाणीपुरवठ्याच्या विहिरीतला तुकडा चमकला आणि खालच्या आडातला नाही. तेवढ्यावर निकाल द्यायचा नसतो, कारण विहिरीवर कुणी कपडे धूत असेल तरी तुकडा चमकेल. पण पुढचे पैसे कुठं खर्चायचे ते कळतं. जोडीला अमोनिया आणि क्लोराइड तपासून घ्या, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होतं.

तिसरी पायरी: आपल्या जनावरांवर मार्कर तपासणं

ही पायरी लोक गाळतात. आणि मग सगळं काम वाया जातं.

बहुतेक मार्कर अमेरिकेत किंवा युरोपात, तिथल्या माणसांवर आणि जनावरांवर बेतलेले आहेत. तिथं चाळीस म्हशी आणि शंभर शेळ्या एकाच पाणवठ्यावर येत नाहीत. ओडिशाच्या किनारी भागात संशोधकांनी असे दहा मार्कर माणूस, सांडपाणी, गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा आणि कोंबडी यांच्या नमुन्यांवर घासून पाहिले. माणसासाठी तिथं बॅकह्यूम नावाचा मार्कर ह्यूमएम२ पेक्षा सरस ठरला. परदेशात नावाजलेला मार्कर इथं तसाच चालेल असं धरून चालता येत नाही, हे त्यातून घ्यायचं. पण ओडिशाचं उत्तरही मराठवाड्यावर तसंच चिकटवू नका. आपल्याकडं लाल कंधारी आणि देवणी गाई आहेत, मराठवाडी म्हैस आहे, उस्मानाबादी शेळी आहे. त्यांचा चारा म्हणजे ज्वारीचा कडबा, उसाचं वाढं, सोयाबीनचं भूस. त्यांच्या पोटातले जिवाणू त्यांच्यावरच तपासायचे.

प्रत्येक प्रकारच्या जनावराचे दहा ते पंधरा नमुने घ्या आणि तेही वेगवेगळ्या मालकांकडचे, वेगवेगळ्या गावांतले. एकाच गोठ्यातले पंधरा पो म्हणजे पंधरा नमुने होत नाहीत. पो ताजा हवा. जमिनीला न टेकलेला मधला भाग निर्जंतुक चमच्यानं उचलून दोन मिलीलिटरच्या नळीत, लगेच बर्फात. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांसाठी पहाटे वाड्यावर जा. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर रानात बसतात, तेव्हा हे काम सोपं होतं. माणसाचा नमुना मैला उपसणाऱ्या गाडीतून किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी घ्या, म्हणजे तो अनेकांचा एकत्र मिळतो. एकेकट्या माणसाचा नमुना घ्यायचा असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि त्या माणसाची लेखी संमती लागते. यात सूट नाही.

मग दोन प्रश्न विचारायचे. माणसाच्या नमुन्यांपैकी कितींत मार्कर सापडला? इतर जनावरांच्या नमुन्यांपैकी कितींत तो सापडला नाही? दोन्ही उत्तरं ८० टक्क्यांच्या वर असतील तर मार्कर कामाचा, असा सर्वसाधारण दंडक आहे. पण नुसत्या होय-नाहीवर थांबू नका, किती सापडला तेही बघा. एचएफ१८३ कधी कधी कोंबड्यांत आणि कुत्र्यांतही दिसतो, मात्र सांडपाण्यापेक्षा कितीतरी कमी प्रमाणात. १०० मिलीलिटर कच्च्या सांडपाण्यात त्याच्या कोट्यवधी प्रती असतात.

कोणते मार्कर घ्यायचे

माणसासाठी दोन घ्या, एकावर भिस्त नको. एचएफ१८३ किंवा बॅकह्यूम यांपैकी जो आपल्या तपासणीत चांगला ठरेल तो, आणि जोडीला क्रासफेज. क्रासफेज हा जिवाणू नाही, बॅक्टेरॉइड्सलाच लागणारा विषाणू आहे. २०१४ साली तो प्रयोगशाळेत वाढवून नव्हे, डीएनएच्या साठवलेल्या माहितीतून संगणकावर सापडला. दोन वेगळ्या जातीचे साक्षीदार एकच सांगू लागले की विश्वास वाढतो.

जनावरांसाठी बॅककाऊ. नावात गाय असली तरी तो म्हैस, शेळी, मेंढी सगळ्यांनाच हात वर करायला लावतो. म्हणून अहवालात "गाईचं शेण" असं लिहू नका, "गुराढोरांची विष्ठा" असं लिहा. कुत्र्यांसाठी बॅककॅन, डुकरांसाठी पिग२बॅक, पक्ष्यांसाठी जीएफडी आहेत. सगळे लावायची गरज नसते. पहिल्या पायरीच्या नकाशावर डुकरंच नसतील तर पिग२बॅकवर पैसे घालवू नका.

चौथी पायरी: नमुना कधी आणि कसा

कधी घेतला, यावर सगळं अवलंबून असतं. उन्हाळ्यात खाम किंवा सुखना नदीत जे वाहतं ते बहुतेक सांडपाणीच असतं, तिथं मे महिन्यात मानवी मार्कर सापडला यात नवल नाही. मृगाच्या पहिल्या पावसात मात्र शेतात नुकतं टाकलेलं शेणखत आणि रानातली सगळी घाण एकदम धुऊन येते. त्या आठवड्यातला एकच नमुना घेऊन वर्षाचा निष्कर्ष काढू नका. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुतलेल्या तळ्यातलं पाणी गुरांचाच मार्कर दाखवणार. पैठणला नाथषष्ठीच्या यात्रेत गोदाकाठी लाखो वारकरी असतात, तिथं यात्रेआधीचा आणि यात्रेनंतरचा असे दोन्ही नमुने असतील तरच आकड्याला अर्थ. कमीत कमी तीन वेळा घ्या: भर उन्हाळ्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पाऊस उघडल्यावर.

नळाच्या पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते मराठवाड्यातली खरी मेख इथं आहे. आपल्याकडच्या अनेक गावांत आणि शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, आठ-आठ दिवसांनी येतं. मधल्या दिवसांत जलवाहिनी रिकामी असते. रिकाम्या नळीत दाब उरत नाही आणि लोकांनी मोटर लावली की उलटी ओढ बसते. जोड ढिला असेल आणि शेजारून नाली जात असेल तर नालीतलं पाणी आत शिरतं. पाणी सुटलं की ही आत साचलेली घाण पहिल्या लोटाबरोबर घरात येते. पंधरा मिनिटांनी तेच पाणी स्वच्छ दिसतं. नमुना घेणारा माणूस सकाळी अकराला येतो, पाणी पहाटे पाचला येऊन गेलेलं असतं, आणि अहवाल येतो "योग्य". म्हणून पाणी सोडणाऱ्या माणसाशी आदल्या दिवशी बोलून ठेवा, त्याच्याबरोबर व्हॉल्व्हपाशी उभे राहा आणि एकाच नळाचे दोन नमुने घ्या: पहिल्या मिनिटाचा आणि पंधरा मिनिटांनंतरचा. पहिल्यात मानवी मार्कर आहे आणि दुसऱ्यात नाही, तर दोष विहिरीत नसून वाहिनीत आहे. एवढी एक गोष्ट कळली तरी वाहिनीच्या बिघाडावर उपाय म्हणून नवी विहीर खोदण्याचा खर्च वाचतो.

बाटली निर्जंतुक, एक लिटरची. क्लोरीन टाकलेल्या पाण्यासाठी तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेट हवं. विहिरीत गावाचा पोहरा वापरू नका, उकळलेल्या दोरीला वजन बांधून बाटलीच सोडा आणि वरचा तवंग टाळा. हापसा पाच मिनिटं मारून मग भरा. ओढ्यात उतरावं लागलं तर खालच्या अंगापासून वर जा, म्हणजे पायानं ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येत नाही. प्रत्येक जागी हातमोजे बदला. एका बाटलीत प्रयोगशाळेतून आणलेलं निर्जंतुक पाणी गावात उघडून भरा आणि तिलाही इतर नमुन्यांसारखंच वागवा. ही कोरी बाटली पुढं होकारार्थी आली तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द करायचे, मनाला कितीही लागलं तरी.

थर्माकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या, आत एक थर्मामीटर. नमुना अंधारात आणि थंड राहायला हवा आणि सहा तासांच्या आत गाळायला हवा. माहूर-किनवटकडचा नमुना सहा तासांत छत्रपती संभाजीनगरला पोचणं कठीण, म्हणून गाळणी बरोबर न्या आणि शाळेच्या वर्गातच गाळा.

पाचवी पायरी: गाळणं

०.४ मायक्रॉनचा पॉलिकार्बोनेट गाळणकागद, हातानं ओढायचा निर्वात पंप. विहिरीचं नितळ पाणी ५०० मिलीलिटरपर्यंत सहज गाळलं जातं. पावसाळ्यातलं मात्र जात नाही. पहिल्या वेळी जुलैमध्ये मी ओढ्याचं पाणी घेऊन बसले तेव्हा ४० मिलीलिटरवर कागद चिखलानं लिंपला गेला. पंप ओढून हात भरून आले आणि थेंब पडेना. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की ते कागदाची छिद्रं सारवल्यासारखी बुजवतात. जोर लावू नका, कागद फाटतो. थोडं थोडं पाणी तीन-चार कागदांवर गाळा, प्रत्येक कागदावरून किती मिलीलिटर गेलं ते तिथल्या तिथं लिहा, आणि कागद पुढं एकत्र करा. तो आकडा राहिला तर शेवटचा हिशोब होतच नाही.

दोन निर्जंतुक चिमट्यांनी कागदाची घडी घाला, गाळ आतल्या बाजूला. नळीत टाका आणि उणे २० अंशांवर ठेवा. महिन्याहून जास्त ठेवायचं असेल तर उणे ८०. गोठवायची सोय नसेल तर डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवून ठेवा.

सहावी पायरी: प्रयोगशाळेत

डीएनए काढायला मातीसाठी बनवलेला संच वापरा, ज्यात मण्यांनी घुसळून पेशी फोडतात. साधा संच स्वस्त पडतो, पण मातीतली ह्युमिक द्रव्यं त्यात डीएनएबरोबर उतरतात आणि पीसीआरचं विकर अडवतात. मग पाण्यात घाण असूनही यंत्र काहीच दाखवत नाही आणि आपण गावाला "पाणी ठीक आहे" असं सांगून येतो. या चुकीची मला फार भीती वाटते. तिच्यावर उपाय आहे. प्रत्येक नमुन्यात ठरलेल्या प्रमाणात परका डीएनए मिसळा, त्यासाठी सामन माशाचा डीएनए सर्रास वापरतात. तो जितक्या चक्रांना दिसायला हवा त्यापेक्षा दोन-तीन चक्रं उशिरा दिसला, तर नमुन्यात अडथळा आहे. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा.

पीसीआरचं मिश्रण एका खोलीत करा, नमुन्याचा डीएनए दुसऱ्या जागी घाला आणि मानक डीएनए, म्हणजे ज्यातल्या प्रती आधीच मोजलेल्या असतात तो, सगळ्यात शेवटी, तिसऱ्या जागी. मानकाच्या एका थेंबात लाखो प्रती असतात, तो उडाला तर पुढचा आठवडाभर प्रत्येक नळी होकारार्थी येईल. तापमान ९५ अंशांवर १५ सेकंद आणि ६० अंशांवर एक मिनिट, अशी ४० चक्रं एचएफ१८३ साठी पुरतात. प्रत्येक नमुना तीन नळ्यांत. नुसत्या पाण्याच्या तीन नळ्या प्रत्येक ताटलीवर हव्यातच.

मानकाची रेघ दहा प्रतींपासून दहा लाखांपर्यंत, दहापटीच्या पायऱ्यांनी काढा. दर दहापटीला सीटी, म्हणजे खूण ज्या चक्राला पहिल्यांदा दिसते तो आकडा, सुमारे ३.३ चक्रांनी बदलायला हवा. रेघेचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६ यांच्या बाहेर गेला तर ती ताटली पुन्हा चालवा.

आकडा कसा काढायचा

इथं विद्यार्थी हमखास गडबडतात, म्हणून एक उदाहरण करून दाखवते. समजा २५० मिलीलिटर पाणी गाळलं, डीएनए १०० मायक्रोलिटरमध्ये उतरवला आणि त्यातला २ मायक्रोलिटर नळीत घातला. यंत्रानं सांगितलं, ४० प्रती. नळीत गेला तो एकूण डीएनएचा पन्नासावा भाग, म्हणून कागदावर ४० गुणिले ५०, म्हणजे २,००० प्रती. त्या २५० मिलीलिटरच्या. १०० मिलीलिटरला झाल्या ८००.

आता उलटं पाहा. यंत्र नळीत १० प्रतींपेक्षा कमी भरवशानं मोजत नसेल, तर याच हिशोबानं १०० मिलीलिटरला २०० प्रतींच्या खालचं काही आपल्याला मोजता येत नाही. म्हणून काही आलं नाही तर अहवालात शून्य लिहू नका, "२०० पेक्षा कमी" लिहा. चिखलामुळं फक्त ४० मिलीलिटर गाळलं असेल तर हीच मर्यादा १,२५० वर जाते. दोन नमुन्यांची तुलना करताना हे विसरलं की स्वच्छ विहीर आणि गढूळ ओढा सारखेच निर्दोष दिसू लागतात.

निकाल वाचताना

ई. कोलाय भरपूर, मानवी मार्कर भरपूर: ताजं सांडपाणी येतं आहे. ई. कोलाय भरपूर, मानवी मार्कर मर्यादेच्या खाली, बॅककाऊ भरपूर: गोठा, उकिरडा किंवा शेतातून धुऊन आलेलं शेण. दोन्ही सापडले तर दोन्ही आहेत. पण त्यांच्या आकड्यांची भागाकारानं टक्केवारी काढू नका. एका ग्रॅम विष्ठेत माणसाच्या मार्करच्या जितक्या प्रती असतात, तितक्याच एका ग्रॅम शेणात गुरांच्या मार्करच्या असतील असं नाही, आणि दोन्ही सारख्या वेगानं नष्टही होत नाहीत. "७० टक्के माणूस, ३० टक्के म्हैस" असं वाक्य कुठल्या अहवालात दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

ई. कोलाय शून्य आणि मार्कर हजर, असंही होतं. क्लोरीननं जिवाणू मेले, पण त्यांचा डीएनए अजून पाण्यात आहे. पाणी आज पिण्यालायक असेल, पण कुठूनतरी सांडपाणी मिसळतं आहे आणि क्लोरीन संपलं त्या दिवशी साथ येऊ शकते. उघड्या तळ्यात उन्हामुळं मार्कर काही दिवसांत विरतो, अंधाऱ्या आडात जास्त टिकतो, हेही ध्यानात ठेवा.

आणि एक मर्यादा गावात जाण्याआधीच स्वतःला बजावून ठेवा: मार्कर माणसाची विष्ठा सांगतो, कोणत्या घराची ते सांगत नाही, सांगू शकत नाही. एचएफ१८३ ला जात, वस्ती, आडनाव काही कळत नाही. अहवालात कुणाच्या वस्तीचं नाव घालायचा आग्रह झाला तर नकार द्या.

गोठा की टाकी, शेवटी काय निघालं

त्या गावच्या विहिरीत गुरांचा मार्कर मोजण्याच्या मर्यादेखाली आला. मानवी दोन्ही मार्कर मात्र भरपूर. गोठा सुटला. पण म्हणून पलीकडच्या वस्तीची नाली दोषी ठरत नव्हती. नकाशावर विहिरीच्या वरच्या अंगाला तीन टाक्या होत्या, त्या तिन्हींच्या मालकांची परवानगी घेऊन एकेका आठवड्याच्या अंतरानं संडासात फ्लुओरेसीन हा हिरवट चमकणारा रंग टाकला आणि विहिरीचं पाणी रोज त्याच अतिनील टॉर्चखाली पाहिलं. दुसऱ्या टाकीचा रंग चौथ्या दिवशी विहिरीत दिसला. ती टाकी ज्या घराची होती, त्या घराचं नाव मी ग्रामसभेत घेतलं नाही. घरधनी स्वतः उठले. "आमचीच आहे. तळ बांधलेला नाही, मला ठाऊक होतं," एवढं बोलून ते बसले. मागच्या रांगेतून वस्तीतल्या एका आजींनी विचारलं, "मग आमच्यावर जे बोलले होते, ते परत घेणार का?" सरपंचांनी सगळ्यांसमोर परत घेतलं.

टाकी उपसून तळ आणि भिंती सिमेंटनं बांधल्या, बाहेर पडणारं पाणी विहिरीच्या खालच्या अंगाला नेलं. विहीर उपसून टीसीएलनं धुतली. हे झाल्यावर लगेच नमुना घेऊ नका, भेगांत साचलेलं जुनं पाणी निघून जायला वेळ लागतो. पंधरा दिवसांनी एक, महिन्यानं एक आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एक, असे तीन नमुने त्याच जागी, त्याच वेळी, तेवढंच पाणी गाळून घ्या. पंधरा दिवसांच्या नमुन्यात मानवी मार्कर अजून होता, पण पहिल्याच्या शंभरावा भाग. महिन्याचा मर्यादेखाली गेला. पावसानंतरचा घ्यायला जुलैमध्ये गेले, तेव्हा बाटली सोडायची दोरी त्या आजींच्या नातवानं आधीच उकळून ठेवली होती.